खालच्या दोन ओळी

डमडम, २० ऑगस्ट

चिरंजीव आशिष,

आशीर्वाद घे आणि खुर्चीवर बसून वाच. चहा पिता पिता उरकण्यातलं हे पत्र नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस, तेवढ्यात मागून तुझ्या बँकेतला कुणीतरी "सर, सही" म्हणतो. त्याला सही मिळते आणि मला "नंतर बोलू" मिळतं. अशी पुष्कळ 'नंतर' माझ्याकडे साठली आहेत. म्हणून आता कागद. उत्तरही कागदावरच पाठव, फोनवर दिलेलं मी धरणार नाही.

मला अक्षर येत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. आधी तुझे बाबा लिहायचे, मग तू, आता तुझी लेक. लिहिणारे बदलले, सांगणारी तीच आहे. आमच्यात ठरलंय असं: मी सांगेन तेच आभाने लिहायचं, संपलं की मला वाचून दाखवायचं, आणि खाली दोन ओळी तिच्या. त्या दोन ओळींत तिने काय वाटेल ते लिहावं. पण त्याही मला वाचून दाखवायच्या.

तर मुद्दा असा. तू परवा म्हणालास की आभाचा तो कोर्स बंद करा. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आभा लिहील: इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. मी त्याला अँब्युलन्सची शाळा म्हणते. तू म्हणालास, "आई, तिची बी.एस्सी. नीट होऊ दे, पेशंट उचलायला माणसं असतात." असतात की. त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं असतंच ना?

तुला ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. जूनमध्ये डमडम स्टेशनच्या जिन्यावर एक माणूस कोसळला. भोवती ही गर्दी. कुणी त्याच्या तोंडात पाणी ओततंय, कुणी तळपाय चोळतंय, कुणी नाकाशी चप्पल धरतंय. आभा त्या गर्दीत उभी होती. काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं. त्या माणसाला गाडीत घालून नेलं, पुढे काय झालं ते कळलं नाही. पोरगी घरी आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घालून आली. सहा महिन्यांचा कोर्स, डिसेंबरात परीक्षा. मला नाव घातल्यावर सांगितलं, तुला त्याहून उशिरा. एवढा मान मला मिळाला.

आता तिचा दिवस ऐक. सकाळी मेट्रोने बालीगंजच्या बाजूला कॉलेज, संध्याकाळी एस्प्लनेडला ही शाळा, रात्री नऊला घर. रविवारी महाराष्ट्र मंडळात पोरांचा मराठीचा वर्ग, तो गेल्या वर्षी तुझ्याच आग्रहाने घेतलेला. आणि या सगळ्यात सरावाला माणूस हवा, तो मी. काल मला फरशीवर निजवून अख्खीच्या अख्खी कुशीवर वळवलं. पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला असंच वळवतात म्हणे. मी म्हटलं, माझा कणा तुझ्या आजोबांच्या संसारात मोडला नाही, तो आता काय मोडतोय. परवा हात झोळीत बांधला आणि फोन आला म्हणून निघून गेली. मी तासभर एका हाताने वाटाणे सोलले.

कोर्स बंद करू नकोस. एवढंच सांगायचं होतं, पण एवढंच लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, आईला काय कळतं.

तुझी आई

बाबा, फी माझ्या शिकवण्यांच्या पैशातून भरली आहे. वाटाणे सोलायचे राहिले होते म्हणून फोनचं निमित्त केलं, हे आजीला आत्ता वाचून दाखवताना कळलं.
आभा

*

रायपूर, १ सप्टेंबर

तीर्थरूप आई,

नमस्कार. खुर्चीवर बसून वाचलं. दारही लावून घेतलं होतं.

कोर्स वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. माझी अडचण दुसरी आहे. माझी बदली झाली तेव्हा तू डमडम सोडायला तयार नव्हतीस. "इथे माझं सगळं आहे," म्हणालीस. म्हणून मी आणि मंजुषा रायपूरला आलो आणि आभा तुझ्याजवळ राहिली. तुझ्याजवळ कुणीतरी असावं, हाच त्यातला उद्देश. आता ती रात्री नऊपर्यंत बाहेर असेल तर तू एकटीच आहेस. तू सत्त्याहत्तर वर्षांची आहेस, आई. तुला आवडो न आवडो.

तेव्हा माझ्या अटी लिहून देतो, म्हणजे तुला फोनवरचं धरायला नको. कॉलेजची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. तुझी आबाळ होता कामा नये. आणि तुझ्या तब्येतीचं जरा जरी काही झालं, तर मी येऊन तुला इकडे घेऊन येणार, फ्लॅटला कुलूप लावणार आणि आभाला कॉलेजच्या हॉस्टेलवर ठेवणार. त्या हॉस्टेलचं फाटक आठला बंद होतं, म्हणजे तिची संध्याकाळची शाळाही आपोआप बंद होईल. हे धमकी म्हणून लिहीत नाही. माझ्यापाशी दुसरी सोय नाही.

तब्येतीचं मात्र खरं कळवत जा. तू स्वतःचं दुखणं शेजारणीचं म्हणून सांगतेस, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

मंजुषाचा नमस्कार. तिने आभासाठी दोन कुर्ते पाठवले आहेत. तुझ्यासाठी मोजे पाठवले आहेत, ते तू घालणार नाहीस हे तिला माहीत आहे.

तुझा
आशिष

*

डमडम, २९ सप्टेंबर

चिरंजीव आशिष,

मोजे पोचले. ऊब चांगली आहे, आभा घालते.

तुझ्या अटी आभाने मला दोनदा वाचून दाखवल्या. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावल्या, कारण पहिल्यांदा ती फार भराभर वाचत होती. ठीक आहे. अटी म्हणजे अटी.

गणपती काल बोळवले. मंडळात या वेळी गर्दी बरी होती. मनोहरने सेक्रेटरी म्हणून भाषण केलं, आणि ते संपलं सुद्धा. प्रसादाच्या रांगेत आभा माझ्यापुढे उभ्या उभ्या झोपली. खरंच झोपली. डोळे उघडे आणि ताट वाकडं. एका आठवड्यात कॉलेजची चाचणी, अँब्युलन्सवरची पहिली ड्यूटी आणि आरतीची तयारी. मी तिला म्हटलं, यातलं एक काहीतरी सोड. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "रविवारचा वर्ग सोडते, पण मग पोरांचं काय?" मी म्हटलं, पोरांचं मी बघते.

हस, हस. अक्षर न येणारी बाई मराठीचा वर्ग घेते आहे. अरे, अक्षरं त्यांना वहीत सापडतील. बोलायला कुठे सापडणार? घरी आईबापांशी हिंदी, बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी. मी त्यांना मराठीत भांडायला शिकवते. दोन दोन पोरं समोरासमोर बसवायची, मध्ये एक लाडू ठेवायचा. ज्याला मराठीत भांडून तो मिळवता येईल त्याचा. परवा क्षितिज नावाच्या एका मुलाने घरी जाऊन आईला "माझं डोकं खाऊ नकोस" म्हटलं. त्या बाईचा मला फोन. मी म्हटलं, वाक्य तर बरोबर आहे.

आभाची ड्यूटी ऐकायची तर ती काही फारसं सांगत नाही. पेशंटच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही, असं शिकवलंय. मला मोठी पंचाईत झाली आहे. पोरगी रोज माणसांच्या घरात जाऊन येते आणि एक बातमी आणत नाही. एवढं मात्र म्हणाली की पहिल्या दिवशी तिच्या हातून पट्टी दोनदा सुटली आणि पेशंटनेच तिला "घाबरू नको मा" म्हटलं.

घरातला पेशंट तेवढा मीच. रोज जेवणाआधी मनगट धरून नाडी मोजते. रोज चुकते. मोजते, भुवया आवळते, पुन्हा मोजते. मी म्हणते, अगं, तुझा आकडा चुकला म्हणून माझा वरणभात गार होतो आहे. त्यांचे शिकवणारे तपनदा (इथे मास्तरलाही दादा म्हणतात) तिला म्हणाले, सराव कर. म्हणजे माझं मनगट अजून बरेच दिवस जाणार.

माझी तब्येत छान आहे. शेजारणीचीही छान आहे, म्हणजे तुला शंका नको.

तुझी आई

बाबा, हजेरी एक्याऐंशी टक्के आहे. आजीची नाडी माझ्याकडून अजून नीट मोजली जात नाही, मध्येच एक ठोका सापडत नाही. क्लासमध्ये बाकी सगळ्यांची बरोबर येते.
आभा

*

रायपूर, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप आई,

नमस्कार. तुझा भांडणाचा वर्ग मी मंजुषाला वाचून दाखवला. ती म्हणाली, सासूबाईंकडे ही विद्या आहे हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पण मनोहरकाकांचा फोन आला होता. ते म्हणाले, गेल्या रविवारी वर्गाला येताना तू मंडळाच्या जिन्यात बसून राहिली होतीस. घाम आला होता. त्यांनी विचारलं तर तू म्हणालीस, "जरा बसले." आई, तू जिन्यात बसणाऱ्यातली नाहीस. हे काय होतं, ते लिही. आणि आभाला हे माहीत आहे का, तेही लिही.

दुसरं. रविवारपासून नवरात्र. या वर्षी उपास नको. बाबांच्या माघारी तू तो कडक करत गेली आहेस. पूर्वी रात्री जेवायचीस, आता नऊ दिवस वरीचा भात आणि ताक. सगळं शहर पूजेत खात सुटलेलं असतं आणि आपल्याच घरात चूल अर्धी. आभाला पूजेच्या दिवसांत ड्यूट्या लागणार, म्हणजे तू घरात एकटी आणि उपाशी. माझं ऐक. देवीला मी पत्र लिहू का तुझ्या वतीने?

दिवाळीत आम्ही येतोच आहोत. तेव्हा पुढचं सगळं ठरवू. तोवर जिना नको, उपास नको आणि लपवालपवी नको.

तुझा
आशिष

*

डमडम, २७ ऑक्टोबर

चिरंजीव आशिष,

दसऱ्याचे आशीर्वाद. सोनं तुझ्या नावाने देवापुढे ठेवलं.

मनोहरचं आधी. मनोहरला डाव्या डोळ्याने कमी दिसतं आणि उजव्याने जास्त. मी जिन्यात बसले होते ते चपलेचा अंगठा तुटला म्हणून. घाम आला कारण इथे ऑक्टोबरात घाम येतो. तो तुला रायपूरला बसून आठवत नसेल.

उपास धरला. तुझं पत्र घट बसायच्या आधी आलं, पण मी देवीला आधीच कबूल केलं होतं, तुझा नंबर नंतरचा. नऊ दिवस झाले, पार पडले. अष्टमीला स्वयंपाकघरात जरा भोवंडल्यासारखं झालं. हातातलं पातेलं पडलं. पातेली पडतात. खालच्या मजल्यावरची शेजारीण, बौदी, आवाजाने धावत आली आणि तिने माझ्या तोंडात संदेश मिठाईचा तुकडा कोंबला. अष्टमीच्या दिवशी माझा उपास मोडला, त्याचा जाब देवी बौदीला विचारेल. उपासाने भोवंडतंच. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली, आता ठणठणीत आहे.

आभाला पूजेत देवीच्या मांडवापाशी प्रथमोपचाराच्या बूथवर लावलं होतं. रात्रभर लोक नव्या चपलांनी सोललेले पाय घेऊन येत होते म्हणे. कोलकात्याची पूजा म्हणजे पायांना फोड. तिने इतक्या पट्ट्या बांधल्या की

(आजी इथे थांबली. मी लिहायची थांबले म्हणून. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मला माझ्या दोन ओळी आत्ताच लिहायच्या आहेत. ती म्हणाली, पत्र अजून संपलं नाही. मग म्हणाली, लिही.)

बाबा, आज दोन ओळींत मावणार नाही. आजीला तसं सांगितलं आहे. ती समोरच बसली आहे.

वर आजीने सांगितलं ते सगळं मी तिच्या शब्दांत लिहिलं. आता माझं. अष्टमीला बौदींचा फोन आला तेव्हा मी बूथवर होते. तपनदांनी लगेच सोडलं. मेट्रोपर्यंत चालत जायलाच खूप वेळ लागला, सगळं शहर समोरून येत होतं. घरी आले तर आजी जमिनीवर, डोकं बौदींच्या मांडीवर. ती थोडा वेळ बेशुद्ध होती, असं बौदी सांगतात. आजी म्हणते, डोळे मिटले होते. मी नाडी धरली. खूप हळू होती, आणि मध्ये इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं माझं बोट सरकलं.

मलाही वाटलं, उपास. आपल्या घरात नवरात्रात कुणाला चक्कर आली तर दुसरं काही सुचतच नाही. पण रात्री विचार करत बसले. उपास रविवारी सुरू झाला. ठोका तर गणपतीच्या आधीपासून सापडत नव्हता. मी दोन महिने समजत होते की मला मोजता येत नाही. आणि आजी रोज म्हणत होती, "चुकलीस." ती इतकी हसून म्हणायची की मी रोज कबूल करायचे.

दसऱ्याला ती पोटभर जेवली. त्यानंतर पुन्हा मोजली, तशीच. बुधवारी तपनदा घरी आले. त्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, "तुझी बोटं बरोबर आहेत." काल हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला. हृदयाचे ठोके चालवणारं यंत्र बसवावं लागेल, पेसमेकर. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, पण दिवस घालवू नका, आणि तोवर यांना घरात एकटं सोडू नका.

आजी डॉक्टरांना म्हणाली, "डिसेंबरनंतर बघू." घरी येताना टॅक्सीत मी विचारलं, डिसेंबरच का. तर म्हणाली, तुझी परीक्षा होऊ दे. तिला चक्कर श्रावणापासून येते आहे. तिला सगळं माहीत होतं. तुमच्या अटीसुद्धा तिला पाठ आहेत.

अष्टमीपासून मी एकाही ड्यूटीला गेले नाही. तिला एकटं कसं सोडणार? आणखी दोन चुकल्या की या बॅचमधून नाव जाईल. हे मी तिला आज सकाळी सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसले तरी तुझी शाळा जाणारच?" मी हो म्हटलं.

मी तुम्हाला फोन करणार होते. किंवा हे सगळं गुपचूप लिहून पाठवलं असतं तरी आजीला कळलं नसतं. पण आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं आहे की पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तेव्हा आता हे सगळं तिला वाचून दाखवते, पाकीट बंद करते आणि तिच्या हातात देते. टपाल ऑफिस कोपऱ्यावरच आहे. मी बरोबर जाईन, पण पाकीट मी टाकणार नाही.

तुम्हाला हे पत्र मिळालं तर ते आजीने टाकलं आहे असं समजा, आणि लगेच या.

आभा

*

बालीगंज, २० नोव्हेंबर

प्रिय आजी,

हे पत्र बाबा तुला वाचून दाखवतील. बाबा, प्लीज सगळं वाचा.

तुझ्या खांद्याची जखम कशी आहे? डावा हात अजून वर उचलायचा नाही, लक्षात आहे ना? वेणी आईकडून घालून घे. रायपूरला थंडी असेल तर मोजे घाल, आता माझ्याकडचे परत देते.

हॉस्टेल बरं आहे. खोलीत आम्ही तिघी, एक बर्धमानची, एक रांचीची. जेवणात रोज माशाचा झोल असतो. मी शाकाहारी आहे हे सांगितल्यापासून मला रोज नुसता बटाटा मिळतो, त्याच झोलातला. फाटक आठला बंद होतं. आठनंतर अभ्यास भरपूर होतो, इतका की आता काय वाचावं कळत नाही. हजेरी अठ्ठ्याहत्तर आहे.

डमडमला परवा जाऊन आले. फ्लॅट झाडला. बौदींनी तुला यंत्र बसवल्याचं सगळ्या गल्लीला सांगितलं आहे. भाजीवाल्याने तुझ्याबद्दल विचारलं, "माशिमा आता बॅटरीवर चालते?" मी हो म्हटलं. रविवारी मंडळातली पोरं तुझी वाट बघत होती. क्षितिजने विचारलं, भांडायला कुणी शिकवणार नाही का? मी फळ्यावर अक्षरं लिहीत बसले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तपनदा भेटले. म्हणाले, नाव या महिनाअखेरपर्यंत ठेवतो. राहिलेल्या ड्यूट्या डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत भरून निघाल्या तर वीस तारखेच्या परीक्षेला बसता येईल. नाहीतर पुढच्या वर्षीच्या बॅचमध्ये पहिल्यापासून. ड्यूट्या सगळ्या संध्याकाळच्या. मी त्यांना सांगितलं, जमणार नाही.

बाबा, मी रागावलेली नाही. तुम्ही पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आलात. आजीला यंत्र बसलं, ती घरी आली, आपली दिवाळी हॉस्पिटल आणि घर यांच्यामध्ये झाली. सगळं नीट झालं. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलंत. पण मला एक विचारायचं आहे. हजेरीची अट माझी होती, ती मी पाळली. आबाळ न करण्याची अट माझी होती, तीही पाळली, मला वाटतं. आजीने आजारी पडायचं नाही ही अटही माझ्याच नावावर होती. ती मी कशी पाळायची होती?

बास. आजी, यंत्राची तपासणी डिसेंबरात आहे, ती इथल्याच हॉस्पिटलात करायची आहे. तारीख बाबांकडे आहे.

तुझी
आभा

*

रायपूर, २४ नोव्हेंबर

चिरंजीव आभा,

आशीर्वाद. आज लिहिणारा माणूस नवा आहे. त्याला मी अक्षर काढायला पाठवलं होतं शाळेत, आता वसूल करते आहे. नियम तोच सांगितलाय: मी सांगेन ते लिहायचं आणि खाली दोन ओळी त्याच्या.

तुझं पत्र काल आलं. त्याने वाचून दाखवलं. शेवटाकडे एका जागी त्याचा आवाज भराभर पळायला लागला. मी म्हटलं, मागे जा. तो म्हणाला, काही विशेष नाही. मी म्हटलं, मग हळू वाच. मग त्याने हळू वाचलं. नंतर आम्ही दोघं जेवलो, पण कुणी मीठ मागितलं नाही, आणि आमटीत मीठ नव्हतं.

माझं बरं आहे. यंत्र चालतं. पहिले दोन दिवस वाटायचं आतून कुणी दार वाजवतंय, आता तेही नाही. चक्कर एकदाही आली नाही. मंजुषा वेणी घालते. फार घट्ट घालते, मनातलं सगळं वेणीत काढते. पण प्रेमाने करते. (मंजुषा मागे उभी आहे, म्हणून पुढचं वाक्य वेगळं घे: फारच प्रेमाने करते.)

आता कामाचं. आशिष, लिही. थांबू नकोस.

माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं, हे खरं आहे. मला आधी पटत नव्हतं, आता जमिनीवर पडून उठल्यावर पटलं आहे. त्यात माझी हुशारी काही चालली नाही. मी गप्प बसून तुझी शाळा वाचवणार होते. तो बेत तू मनगट धरून उलटवलास. तेही बरं झालं.

पण हे 'कुणीतरी' निवडलं कसं, ते बघ. घरात सगळ्यांत जास्त कामं कुणाला आहेत ते शोधून काढलं आणि तिलाच आणखी एक दिलं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शाळा, रविवारी मंडळ, आणि उरलेल्या वेळात आजी. ती एकोणीस वर्षांची. आणि हा माझा मुलगा, पन्नाशीचा, ज्याची रजा बँकेत साठून कुजते आहे, तो म्हणतो माझ्यापाशी दुसरी सोय नाही. अरे, तू स्वतः सोय नाहीस का? आई तुझी आहे. यंत्राच्या तपासणीला मला कोलकात्याला न्यायचंच आहे. मग आधी ने, आणि तिथे राहा. संध्याकाळी सहा ते रात्री नऊ माझ्याजवळ बस. तेवढ्या वेळात पोरगी लोकांना उचलून हॉस्पिटलात पोचवेल. तुला तर फक्त बसायचं आहे. टीव्ही लावून दिला तरी चालेल.

तो लिहायचा थांबला आहे. म्हणतो, "आई, हे आभाला लिहितेस की मला?" मी म्हटलं, पेन कुणाच्या हातात आहे?

फ्लॅट बंद ठेवायचा नाही. माझं जे काही आहे ते तिथे आहे, आणि भांडणाचा वर्गही आहे. डिसेंबरनंतर मी कुठे राहायचं ते डिसेंबरनंतर बघू. तोवर तू अभ्यास कर. नुसता बटाटा खाऊ नकोस.

याने सगळं लिहिलं का, ते वाचून घेतलं. 'कुजते आहे' गाळून 'शिल्लक आहे' वाचलं. मी म्हटलं, पुन्हा लिही. लिहिलं.

तुझी आजी

आभा, 'कुजते आहे' माझ्याच अक्षरात वर आहे, बघून घे. तुझा प्रश्न मी काल दोनदा वाचला. ती अट तुझ्या नावावर घालायला नको होती, एवढंच कळलं. तपनदांशी बोललो. ते म्हणाले, मुलीला लगेच पाठवा. वॉर्डनना कळवलं आहे. एक डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी, आम्ही दोघं डमडमला पोचतो, तू सामान घेऊन ये. चार आठवडे आहे मी. मला वरणभात येतो, पोळ्या येत नाहीत.

आज रजेचा अर्ज दिला. आईचं आजारपण लिहिलं असतं तर कुणी मान वर केली नसती. कारण म्हणून मी 'मुलीची ड्यूटी' लिहिलं. साहेबांनी विचारलं, "तुमच्या मुलीची?" मी म्हटलं, "हो, माझ्या मुलीची." मग त्यांनी सही केली.
बाबा